खोडलेला शेरा

मंगळवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. ‘नव्या बाईंना काम झेपत नाही’ असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे.

बालवर्गाच्या नव्या शिक्षिकांचा वर्ग मागे बसून पाहायचा, तक्ता भरायचा आणि त्यांना समजावून सांगायचं, हे माझं काम. शेरा आधी पेन्सिलीने. बाईंशी बोलून झालं की शाईने. गेल्या आठवड्यात एके दिवशी एक चार वर्षांची मुलगी दारापाशी आईसाठी रडत होती. बाकीची मुलं ठोकळ्यांत रमली होती. नव्या बाई तिच्याशेजारी चपलांच्या कप्प्यांना टेकून बसल्या. समजूत घातली नाही, आत ओढलं नाही; नुसती रंगीत बटणं वेगळी करत राहिल्या. वीस मिनिटांनी मुलीने हुंदके देतच एक लाल बटण उचललं.

मी पेन्सिलीने लिहिलं, ‘उत्तम’.

तेवढ्यात मुख्याध्यापिका डोकावल्या. “ही काय बटणं निवडायला आलीय? हे तू शिकवलंस?”

“छे, मी नाही.”

आत्या, आदल्याच दिवशी मी शिकवलं होतं. तुझ्याच शब्दांत: “मूल म्हणजे काही दुधाचं पातेलं नाही, सारखं ढवळत बसायला.” बाई खळखळून हसल्या होत्या, वहीत उतरवून घेतलं होतं. तुझ्या वर्गात मीही अशीच टेबलाखालून बाहेर आले होते ना? तू जमिनीवर बसून दोरा गुंडाळत होतीस.

मी ‘उत्तम’ खोडलं आणि ‘मुलांकडे दुर्लक्ष’ लिहिलं. थेट शाईने.

सही करताना बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं की. कुठे चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा नाही होणार.”

“नंतर बोलू,” म्हटलं. अजून बोलले नाही. डब्याच्या वेळी त्या रोज माझ्यासाठी जागा धरून ठेवतात.

त्यांना कायम करायचं की काढायचं, ते सोमवारच्या बैठकीत या शेऱ्यावर ठरणार आहे. खोडलं तिथे कागद विरलाय. उजेडात धरला की ‘उत्तम’ अजून वाचता येतं. खरं सांगितलं तर कदाचित मलाही घरी बसवतील. त्याची मला भीती वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आधी बाईंना सांगेन, मग बैठकीत सगळ्यांसमोर, तक्ता हातात धरून.

आज पत्र बिनसहीचंच टाकते. ‘तुझी भाची’ हे शब्द सोमवारी लिहीन, दहा मार्चला, बैठकीतून बाहेर आल्यावर.