बीट कमी पडलं

बाबा, तुमचा तो तपकिरी साबण मी या वर्षी केला. मुद्दाम तसाच केला. तुम्हाला तो तपकिरी कधीच करायचा नव्हता, हे मला माहीत आहे, म्हणून कसा आणि काहून झाला ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

कोराडीच्या क्वार्टरमागच्या अंगणात तुमचं ते काम चालायचं. वीजकेंद्राच्या राखेमुळे तुमच्या अंगाला खाज सुटायची आणि दुकानातला साबण लावला की ती आणखी वाढायची, म्हणून तुम्ही घरीच साबण करायला लागलात. प्लांटमध्ये पाणी तपासायच्या लॅबमधली नोकरी, त्यामुळे कॉस्टिक सोड्याची तुम्हाला भीती नव्हती. मला आणि आईला मात्र दाराच्या आत उभं करायचात. "तिथूनच पाहा. पुढे येऊ नका." खोबरेल आणि एरंडेल कोमट करायचं, त्यात कॉस्टिकचं पाणी हळूहळू सोडायचं, काठीने ढवळत राहायचं आणि कढीसारखं दाट झालं की आंब्याच्या पेटीत प्लास्टिक अंथरून ओतायचं. साबण चांगला व्हायचा, पांढरा, साधा. मग एकदा सीताबर्डीच्या एका दुकानात आईने गुलाबी वडी उचलली, वास घेतला आणि परत जागेवर ठेवली. तुम्ही ते पाहिलंत. परतीच्या बसमधून कोराडीला उतरताना म्हणालात, "गुलाबी घरी होते. बीट आणतो."

मला ते अजून दिसतं. तुम्ही वाकून ढवळताय. बीटचं लालभडक पाणी कॉस्टिकमध्ये जातं, क्षणभर तसंच राहतं, मग पिवळट होतं, मग मातकट. तुम्ही हात थांबवत नाही. महिनाभर वाळवून वड्या बाहेर येतात तेव्हा त्या तपकिरी असतात. आई एक वडी उजेडात धरते. "अवो, हा साबण आहे का गुळाची भेली? पाहुण्याच्या हाती देऊ नका, चहात टाकतीन." तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसता आणि म्हणता, "बीट कमी पडलं." पुढच्या हिवाळ्यात बीट जास्त येतं आणि साबण आणखी तपकिरी होतो. जास्वंद घालून पाहिली तर तो राखाडी झाला. आई म्हणाली, "राख काय बाहेर कमी पडून राहिली?" तुम्ही पुन्हा बीटकडे वळलात. दर वर्षी तेच. तुम्ही म्हणायचात, "बीट कमी पडलं," आणि आई म्हणायची, "मग भाजीले तरी ठेवलं का थोडं?" दिवसभर लॅबमध्ये थेंब टाकून पाण्याचे रंग बदलताना पाहणाऱ्या माणसाला, कॉस्टिक बीटचा रंग खाऊन टाकतं, हे कळलं नसेल का? मला वाटतं, कळलं होतं. पण तिच्या त्या एका वाक्यासाठी तुम्ही बीट आणत असाल. विचारायचं राहून गेलं.

आता आई माझ्याकडे असते, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये. मी बुटीबोरीला ऑफिसला जाते तेव्हा शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात. तब्येत तशी ठीक आहे, पण तिच्या डोक्यातली वर्षं सरकली आहेत. ती तुमची वाट पाहते. सुरुवातीला एकदा तिने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, तुम्ही आता नाही म्हणून. बाबा, तिला ते नवीन होतं. ती पहिल्यासारखीच रडली. मग म्हणाली, "मले कोणी सांगितलं काहून नाही?" त्यानंतर मी सांगणं सोडलं. "सेकंड शिफ्टला गेले," असं म्हणते. तेवढ्यावर तिचं समाधान होतं. पण त्यामुळे या घरात तुमच्याविषयी बोलायची सोय राहिली नाही. तुम्हाला ओळखणारं दुसरं माणूस आता आईच आहे, आणि तिच्याजवळ बसून तुमची आठवण काढता येत नाही. तिच्यासाठी तुम्ही संध्याकाळी येणारच असता.

मागच्या वर्षी मला वाटलं, तिच्यासाठी तो गुलाबी साबण आपण करावा. हळद घातली तर कॉस्टिक लागताच ती कुंकवासारखी लाल झाली. मला वाटलं, जमलं. पण वड्या वाळल्या तशा पिवळ्या पडल्या. मग या वर्षी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून मंजिष्ठेची पूड आणली, ती तेलात कितीतरी दिवस भिजवली आणि ते तेल गाळून वापरलं. हा रंग टिकला. वाळल्यावरही टिकला. अगदी तिने दुकानात उचललेल्या वडीसारखाच. मी एक वडी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. तिने वास घेतला, उलटसुलट पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"दुकानातला दिसते. ठेव वं बाई, पाहुण्याले होईल. मले आपला दे."

"आपला कोणता?"

"त्याइचा. गुळावानी दिसते तो. संपला का? सांग मग त्याइले, रविवारी करतीन म्हणा."

मी बरं म्हटलं. त्या रविवारी बाजारातून बीट आणलं, किसलं, पिळलं आणि तुमच्यासारखंच ते पाणी कॉस्टिकला वापरलं. लाल, पिवळट, मातकट. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वड्या वाळेपर्यंत आई विचारत राहिली, झाला का, केला का त्याइनं. शेवटी एका सकाळी तिच्यापुढे वडी धरली आणि म्हटलं, "बाबांनी केला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी एवढी हसली. वडी उजेडात धरली आणि बाल्कनीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "यंदाही बीट कमीच पडलं म्हणा की! अवो, भाजीले तरी ठेवलं का थोडं?"

आणि ती थांबली. उत्तर यायची वाट पाहत थांबली. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे होते, दुसरं काही नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हटलं, "ठेवलं आहे." ती लगेच उठली आणि कधी नव्हे ती न सांगता आंघोळीला गेली. मी भाजीसाठी कालच आणलेलं बीट चिरायचं सोडून ओट्यापाशी नुसतीच त्याच्याकडे पाहत उभी राहिले.

ही पानं घरात ठेवता येणार नाहीत. आई हाती आलेला कागद अजून वाचते, विजेचं बिलसुद्धा मोठ्याने वाचून दाखवते. लिहून झालं की फाडून टाकीन.

गुलाबी वड्या कपाटात आहेत. पाहुणे फारसे येत नाहीत. मीही त्यातली एकही अजून वापरलेली नाही. खरं सांगायचं तर आज तेवढंच सांगायला बसले होते, बाकीचं मधे आलं. बाबा, गुलाबी जमला. मला तो तुम्हाला दाखवायचा होता.