कॅसेट उलटायची वेळ

४ फेब्रुवारी

नेल्या. सगळ्या कॅसेटा. खोकीच्या खोकी कपाटातून उतरवून कंपनीच्या गाडीत चढवल्या. हमाल खोकं आपटणारच होता. मी म्हटलं, "बाबा, झोपलेलं लेकरू ठेवतोस असं ठेव." हसला. पण हळू ठेवलं.

कपाटाचं दार आता आपोआप उघडतं. आत भार होता तोवर नीट बसायचं.

६ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच गोंधळ व्हायचा.

ह्यांनी उभा जन्म एका बँडची गाडी चालवली. वाजवणारे चौघे, त्यांचं सामान, आणि हे. सगळे ह्यांना सारथी म्हणायचे. कार्यक्रम सुरू झाला की ड्रायव्हरला काम नसतं. बाकीच्यांचे ड्रायव्हर गाडीत पाय पसरून झोपायचे. हे मात्र आपला छोटा टेप घेऊन मागच्या रांगेत बसायचे आणि सगळा कार्यक्रम टेप करून घ्यायचे. कशाला? तर परतीच्या वाटेवर लावायला. "मागे चौघे घोरतात. मला जागं कोण ठेवणार, तू?" एवढंच कारण! कलेची आवड वगैरे काही नाही. निदान बोलून दाखवली नाही.

आता कंपनी बँडच्या कार्यक्रमांचा संच काढतेय. पहिल्या कार्यक्रमापासून अगदी शेवटच्यापर्यंत. लेक म्हणते, "आई, बॉक्स सेट म्हण." मी संचच म्हणणार. कंपनीच्या स्वतःच्या टेपा होत्या, पण गोदामात पाणी शिरलं आणि सुरुवातीच्या सगळ्या वर्षांचा लगदा झाला. तेव्हा कुठे कोणाला तरी सारथी आठवला. सारथी नव्हता. मी होते, आणि कपाट होतं.

१० फेब्रुवारी

स्टुडिओत बोलावलं होतं. भिंतींना गादी लावलेली खोली. आत एक मुलगी, डोक्यावर भलेमोठे हेडफोन. दिवसभर जुने आवाज धूत बसते. मी मनात तिचं नाव कानवाली ठेवलं.

"काकू, काका टेप कशात ठेवायचे हो? बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कापडाची सळसळ असते, ह्यात नाही."

मी म्हटलं, "पिशवी होती. दुहेरी फ्लॅनेलची, आत स्पंज. माइकपुढे विरळ कापडाची खिडकी."

"कुठून आणली?"

"आणायची कशाला? मशीन आहे ना घरी. मी शिवली."

तिने खुर्चीच वळवली माझ्याकडे. "म्हणजे ह्या आवाजात तुमचाही हात आहे."

आयुष्यभर लोकांच्या विजारी आखूड केल्या, कोणी असं बोललं नव्हतं. चालत घरी आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

आणखी एक म्हणाली ती. "एवढ्या कॅसेटा ऐकल्या, काकू. शेजारचे बडबडतात, शिट्ट्या मारतात, कोणी तरी शेंगा खातंय. पण टेप करणारा माणूस एकदाही खोकला नाही!"

खरंय. बटण दाबलं की हे गप्प. पुतळा.

११ फेब्रुवारी

कालपासून तेच डोक्यात. साऱ्या जगाचा आवाज आहे त्या कॅसेटांवर. ह्यांचाच नाही.

१७ फेब्रुवारी

संचाच्या कव्हराचा नमुना दाखवला. छान आहे, जाड पुठ्ठा, आत चौघांचे तरुणपणीचे फोटो. केस बघा त्यांचे! मागच्या बाजूला बारीक अक्षरात — "बँडच्या संग्रहातून."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कंपनीचे साहेब समोरच होते, लेकीच्या वयाचे.

"संग्रह कोण?" मी विचारलं.

"म्हणजे... आर्काइव्ह, आजी. तशी पद्धत असते."

"संग्रहाला पाय होते का? मागच्या रांगेत जाऊन कोण बसायचं? संग्रह?"

"आपण बघू या, आजी."

"बघू नका. लिहा. ध्वनिमुद्रण, आणि पुढे ह्यांचं नाव. पूर्ण, आडनावासकट. सारथी नको."

कानवाली तोंडावर हात धरून हसत होती. साहेब म्हणाले, माझी हरकत नाही, पण संचातल्या प्रत्येक गोष्टीवर चौघांची सही लागते. एकाची जरी राहिली तर संच निघतच नाही.

चौघेही मला वहिनी म्हणतात. माझ्या हातचं खाऊन गेलेत. सह्यांचं काय अवघड आहे?

२५ फेब्रुवारी

गाणाऱ्या भाऊजींची झाली. गिटारवाल्या दोघा भावांची झाली. ढोल्या भाऊजी उद्या येणार.

२६ फेब्रुवारी

अरे देवा!

ढोल्या भाऊजी म्हणजे ड्रम वाजवणारे. त्यांचा एक सोलो असायचा. बाकीचे तिघे थांबायचे आणि भाऊजी एकटेच बडवत सुटायचे. पुढे खांदा गेला आणि सोलो बंद झाला. म्हणजे आता तो असला तर ह्यांच्याच कॅसेटांवर.

आणि तो नाही! अर्धाच आहे. सगळीकडे अर्धा. "धडाड् धूम — खट्" आणि मग एकदम टाळ्या.

कानवालीने समजावून सांगितलं. कॅसेटची एक बाजू साधारण तिथेच संपायची. गाण्याच्या मध्ये संपू नये म्हणून टेप करणारा जरा आधी, सोलो सुरू झाला की कॅसेट उलटायचा. पिशवीतून काढून, उलटून परत बसवेपर्यंत सोलो संपलेला.

भाऊजी ताडकन उठले. "वहिनी! तुमच्या नवऱ्याने जन्मभर माझ्यावर कॅसेट उलटली! मी तिकडे घाम गाळतोय आणि हा इकडे खट्? एकदा ठीक. दोनदा ठीक. दर वेळी?"

गाणारे भाऊजी समजूत घालायला गेले — "अरे, मनाला लावून घेऊ नकोस. आम्हीपण तेव्हाच पाणी प्यायला जायचो."

झालं! आगीत तेल. "माझा सोलो पूर्ण नाही, तर माझी सहीपण नाही," म्हणाले आणि टोपी विसरून निघून गेले. परत येऊन टोपी घेतली. पुन्हा गेले.

२७ फेब्रुवारी

रडावं की हसावं! ह्यांना मी एकदा विचारलं होतं, सोलोलाच का उलटता म्हणून. म्हणाले, "गाणं तोडवत नाही. ढोल कुठेही तोडला तरी ढोलच."

हे भाऊजींना कोणत्या तोंडाने सांगू? पण संच अडला. ह्यांचं नावही अडलं.

२ मार्च

एक कॅसेट मी दिलेलीच नाही. आज पान्यांच्या पेटीतून काढली. गाडी विकली तेव्हा ती पेटी तेवढी मागे ठेवली होती. कॅसेट फडक्यात गुंडाळलेली, वर ह्यांच्या अक्षरात एकच शब्द — "वाया".

त्या कॅसेटची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी कॅसेट उलटलीच नाही. बाजू संपली आणि सगळ्यांच्या आवडीचं ते संथ गाणं मध्येच तुटलं. कार्यक्रम झाल्यावर चौघांनी ह्यांना घेरलं — काय रे, झालं काय? हे म्हणाले, "झोप लागली मला."

मग काय! झोपाळू सारथी! वर्षानुवर्षं तेच. "सारथी, जागा आहेस ना?" "सारथ्याला चिमटा काढा रे!" कोणी पाहुणा गाडीत बसला की त्यालाही ऐकवायचे. हे हसण्यावारी न्यायचे. मला मात्र झोंबायचं. शिंप्याला म्हणा की तुझी कात्री बोथट आहे, एक वेळ चालेल. पण ड्रायव्हरला झोपाळू म्हणायचं? हा माणूस गाडीवर कधी साधा पेंगला नाही. चौघे म्हातारे झाले ते कोणामुळे?

मी होते त्या कार्यक्रमाला. पोटात लेक, दिवस भरत आलेले, तरी हट्टाने गेले होते. गंमत म्हणजे त्या दिवशीचं मला काहीच आठवत नाही. एवढा धडधडाट, आणि कानात एक सूर उरला नाही.

कॅसेट उलटली नाही, म्हणजे सोलो पूर्ण असणार.

पण ती बाहेर काढली की झोपाळू सारथी पुन्हा निघणार. आता तर छापूनच येईल. एका हाताने नाव द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काळं फासायचं?

३ मार्च

लेकीला विचारलं. म्हणाली, "बाबांना हसायचे तेव्हा बाबा चिडायचे का?" नाही. "मग तू का चिडतेस?"

मोठी शहाणी! वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून बसले. पान पुढे सरकेना. वाचायला मी मोठेपणी शिकले, लेकीच्या पाठ्यपुस्तकांवरून. तेव्हापासून पुस्तक हातात धरलं की चित्त लागतं. आज नाही लागलं.

५ मार्च

नेली.

सगळे जमले होते. कानवालीने कॅसेट लावली. एक गाणं, दुसरं, तिसरं. आणि मग सोलो सुरू झाला. ढोल्या भाऊजी डोळे मिटून बसले. बोटं गुडघ्यांवर चालत होती, दुखऱ्या खांद्याच्या हाताचीसुद्धा. काय वाजवायचा हा माणूस! मला त्यातलं कळत नाही, पण मशीनवर लांब शिवण एका दमात सरळ गेली की जसं वाटतं तसं वाटलं. शेवटी टाळ्या. पूर्ण.

भाऊजींनी डोळे उघडले. ओले होते. "बघा! त्या दिवशी त्याचा हात धजला नाही! एवढा ऐकत राहिला की उलटायचं भान राहिलं नाही त्याला!"

गाणारे भाऊजी म्हणाले, "अरे, तो तर झोप—"

मी असं बघितलं त्यांच्याकडे! पुढचा शब्द त्यांनी गिळला. चहाबरोबर.

"सही कुठे करायची?" ढोल्या भाऊजी म्हणाले. केली. वर कव्हरासाठी दोन ओळी स्वतःच सांगितल्या — आमचा सारथी कधीच कॅसेट उलटायला चुकला नाही, फक्त त्या दिवशी चुकला, कारण त्या दिवशी मी तसं वाजवलं होतं.

असू दे. झोपाळूपेक्षा हे बरं. खोटं असलं तरी ह्यांच्या अंगाला शोभतं.

२० मार्च

छापलेला कागद पाहिला. ध्वनिमुद्रण — आणि ह्यांचं नाव. पूर्ण. आडनावासकट. खाली, मी मागितलं नव्हतं ते — "टेपची पिशवी", आणि माझं.

बोट फिरवून बघितलं. शाई वाळलेली होती.

९ एप्रिल

संच आला! केवढा जड! लेकीने मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. तिच्या जन्माच्या आधीचे बाबा आहेत त्यात.

संध्याकाळी वाचनालयात घेऊन गेले. बाई पुस्तकं लावत होत्या. मी नुसतं टेबलावर ठेवलं, मागची बाजू वर करून. त्यांनी वाचलं. मग मोठ्याने वाचलं. वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा उठून आले. एकाने विचारलं, "हे कोण तुमचे?"

"माझे मिस्टर," म्हटलं. गाडी चालवायचे हेही सांगितलं. मान ताठ करून सांगितलं.

आता संच कपाटात आहे, त्याच कप्प्यात. दार नीट बसतं.

१२ एप्रिल

कानवाली घरी आली होती. म्हणाली, "काकू, त्या कॅसेटवर सोलोच्या तोंडाशी कोणीतरी कुजबुजतं. संचासाठी मी ते पुसलं. पण टाकवेना, म्हणून वेगळं ठेवलं." माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

आधी दिवे सांभाळणाऱ्याचा आवाज, अगदी जवळून — "सारथी, उलटव की! ढोल्या सुरू झाला."

मग हे.

"हळू बोल. हिचा आत्ता कुठे डोळा लागलाय. हात काढला तर उठेल."

मग ढोल. पहिल्यापासून शेवटपर्यंत.