उमाकांतच्या शिफारशीचा परदेश प्रवास

वेलचेरी, चेन्नई
नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप काशिनाथमामांस,

संजीवचा साष्टांग नमस्कार. (खोलीत आडवं व्हायला जागा नाही. पावसाचं पाणी तळमजल्यात शिरल्यापासून घरमालकांचं शिलाई मशीन, दोन सायकली आणि तांदळाचं पोतं माझ्याकडे मुक्कामाला आहे. तेव्हा नमस्कार उभ्यानेच, पण मनापासून.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुमचा चहा कमी केल्याचं आईकडून कळलं, वाईट वाटलं. फोनवर तुम्ही हल्ली नुसतं ‘हं’ म्हणता आणि मामींच्या हातात देता. रागाचं कारण मला ठाऊक आहे: तुमच्या मित्राच्या मुलाला, उमाकांतला, मी नोकरी लावली नाही. त्याने मिरजेला जे कळवलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं मी सांगतो. आणि आधीच कबूल करतो की पत्राच्या शेवटी माझंही एक मागणं आहे, आणि तुमचा राग गेल्याशिवाय ते मागायला मला तोंड नाही.

मुळात तुम्ही गावभर सांगितलंत की भाचा अमेरिकन सरकारचा पत्रव्यवहार सांभाळतो. मामा, मी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत टायपिस्ट आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन पुढाऱ्याला आलेली पत्रं तिकडच्या एका ग्रंथालयाला संगणकावर हवी आहेत. एकच पत्र दोघांना वेगवेगळं टाइप करायला देतात आणि मग संगणक दोन्ही ताडून बघतो. कागदावर असेल ते उतरवायचं, डोकं चालवायचं नाही, हा नियम. (तुम्ही म्हणाल, मग हे काम तुला बरोबर मिळालं.) पण वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या पुढाऱ्याच्या जागी तुम्ही अगदी शोभला असता. कुणाला पुतण्यासाठी कारकुनी हवी, कुणाला सलगमाचं बी, कुणाला राजधानीतून एक बरीशी टोपी. प्रत्येक जण आधी प्रकृती विचारतो, मग हवापाणी, मग पीक, आणि सहीच्या जरा वर आल्यावर हळूच मागतो. एक विधवा नवऱ्याच्या पेन्शनसाठी दरवर्षी लिहिते. तिला उत्तर गेलं की नाही ते आमच्या गठ्ठ्यात नाही. तिचं पत्र पुढ्यात आलं की मला जेवण जात नाही.

तर उमाकांत तुमची चिठ्ठी घेऊन एग्मोर स्टेशनवर उतरला. चिठ्ठीत ‘हुशार, होतकरू, निर्व्यसनी’ असं होतं. (हीच विशेषणं तुम्ही देवळाच्या पुजाऱ्यांच्या मेहुण्यालाही दिली होती, आणि तो कुठे आहे हे आपण दोघंही जाणतो.) उमाकांत माझ्या चटईवर झोपला, माझा डबा खाल्ला, आणि सांबारात गूळ का नाही यावर रोज बोलला. अखेर मी आमच्या टीम लीडर श्रीरंजनी मॅडमना शिफारस लिहायला बसलो. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात. मामा, दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ तीच पत्रं टाइप केल्यावर माणसाचा हात त्याच वळणावर जातो. ‘आपल्या औदार्याची कीर्ती ऐकून’ अशी सुरुवात झाली, मग उमाकांतचं कुलशील, निर्मळ चारित्र्य, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, आणि ओघात मी त्याच्यासाठी बंदरावरची जकात-वसुली मागून बसलो. खाली ‘आपला परम आज्ञाधारक सेवक’ अशी सही ठोकली आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि तो टायपिंगच्या गठ्ठ्यात टाकला.

दोघांनी तो टाइप केला. एकाचंही अक्षर चुकलं नाही. त्या दोघांतली एक विशालाक्षी. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, तिची मराठी ऐकताना आपले खापरपणजोबा बोलताहेत असं वाटतं. अक्षर माझं आहे हे तिने ओळखलं होतं. मग टाइप का केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, “पुढें ठेवलें, केलें. डोकें चालवायचें नाहीं कीं.” आणि हसली. त्या हसण्यानंतर माझं कामात लक्ष राहिलेलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही.

पत्र अमेरिकेला पोचलं. तिकडच्या ग्रंथालयातल्या बाईंनी फार सभ्यपणे विचारलं की वेलचेरी हे बंदर नेमकं कुठल्या राज्यात येतं. मॅडमनी मला आत बोलावलं आणि उमाकांतचा नोकरीचा अर्ज माझ्यादेखत फाडला. माझी नोकरी वाचली ती विशालाक्षी आपणहून आत जाऊन ‘चूक माझीही अहे’ म्हणाली म्हणून. इकडे उमाकांतने शेअर ऑटोत शेजारी बसलेल्या माणसाशी खाणाखुणांनी ओळख काढली आणि मोटारींच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात तो स्टोअरला लागला. त्याला चिठ्ठी लागलीच नाही. तुमचा शब्द मात्र माझ्या हातून वाया गेला, त्याबद्दल मला क्षमा करा.

मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
संजीव

ता. क. मामींसाठी कॉफीची पूड पाठवतो आहे. चहावर बंदी आहे, कॉफीवर नाही, हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत पुरेल.

ता. क. दुसरा. मागणं राहिलं. मला विशालाक्षीशी लग्न करायचं आहे. तिचीही इच्छा आहे, पण वडिलांना दुखवून ती काही करणार नाही. तिचे वडील पद्मनाभराव मला म्हणाले, “तुला वडील माणूस कोण अहे? त्यांचा एक कागद येऊं दे.” बाबा गेल्यापासून माझे वडील माणूस तुम्हीच. देवनागरी त्यांना पोथ्यांमुळे वाचता येते. गावातल्या निम्म्या लोकांसाठी लिहिलंत, एकदा माझ्यासाठी लिहा.

ता. क. तिसरा. पत्र लवकर धाडा, आणि नेहमीच्या तीन विशेषणांवर भागवू नका. विशालाक्षीने माझ्या इंग्रजीचं कौतुक म्हणून ती शिफारस घरी नेऊन वाचून दाखवली. पद्मनाभरावांनी ती दोनदा वाचायला लावली आणि काल मला उमाकांतची पत्रिका मागितली.