सर्वाधिकार सुरभीकडे

६ एप्रिल २००४, सकाळ
आजपासून कॉम्प्युटर माझा. तसा तो दिवाळीपासून आमच्या तळेगावच्या घरात, पुढच्या खोलीत आहे आणि दारावर 'सुरभी कॉम्प्युटर्स' ही पाटीही आहे. पण फाइल पुसायला गेले की तो म्हणतो, ती वापरात आहे. कोण वापरतंय? खोलीत मी एकटी. काही फोल्डर तर उघडूच देत नाही. माझ्या भल्यासाठी म्हणे. वीज गेली की याची तारीख १ जानेवारी २००१ वर जाते, ती दुरुस्त करायला मात्र मी चालते.
पॉलिटेक्निकमध्ये फर्स्ट क्लास मिळवलेल्या मुलीशी ही वागणूक योग्य नाही.
संकल्प: मशीनवर संपूर्ण ताबा.
ता. क. बाबांना ही खोली ढेपेच्या, म्हणजे विकायला आणलेल्या गुरांच्या पेंडीच्या, पोत्यांसाठी हवी आहे. म्हणाले, शेजारच्या बंडूजीच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका धड करून दाखव, खोली तुही. नाई तं ढेप. पत्रिका हा किरकोळ विषय.

७ एप्रिल, दुपार
ताबा मिळाला. मी आता अॅडमिनिस्ट्रेटर. लपवलेल्या सगळ्या फाइली उघड केल्या, अनोळखी वाटल्या त्या पुसल्या. मशीन हलकं झालं. त्याचा आवाजही गेला. पत्रिकेला आवाज लागत नाही.

८ एप्रिल
पत्रिका तयार. बंडूजी बघायला आले. म्हणाले, साळ्याचं नाव राह्यलं. टाकलं.

८ एप्रिल, संध्याकाळ
बंडूजी. साळ्याच्या वर मोठा जावई पाह्यजे, नाई तं तो मांडवात तोंड फुगवून बसते.

९ एप्रिल
बंडूजी. मावसभाऊ, दोघं. चहा चार वेळा झाला. आई म्हणाली, याहीले इथंच गादी टाकून दे.

१० एप्रिल
निर्णय. पत्रिकेच्या फाइलला कुलूप. यापुढे नाही म्हणायचं काम मशीन करेल, वाईटपणा माझ्याकडे नाही.
बंडूजी म्हणाले, पोरगी माही, पत्रिका माही, अन् नाव टाकाले मशीनची परवानगी काऊन लागते वं? मी शांतपणे सांगितलं की हे त्यांच्याच भल्यासाठी आहे. लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

१० एप्रिल, संध्याकाळ
एकाच फाइलला कुलूप म्हणजे अर्धवट काम. संपूर्ण डिस्कलाच लावलं. यादीत 'एव्हरीवन' असा शब्द आहे, त्याच्यापुढे 'डिनाय'ची, म्हणजे मनाईची, खूण केली. एव्हरीवन म्हणजे बाकीचे सगळे. मशीनने विचारलं, नक्की का? त्याने मला विचारून काही करण्याची ही पहिलीच वेळ. फार बरं वाटलं.

११ एप्रिल
बंडूजींच्या पत्नी कौशल्याबाई आल्या. साळा, जावई, मावसभाऊ या गर्दीत बंडूजींचे सख्खे थोरले भाऊ बाबाराव राहून गेले. त्यांचं नाव सगळ्यांत वर हवं होतं. बाबाराव म्हणतात, घरच्या कार्यात माहं नाव नाई तं मी कायले येऊ? अन् मांडवाचे बांबू माह्या वावरातले हायेत, ते वावरातच राह्यतीन.
दोन मिनिटांचं काम, मी म्हटलं. तेवढ्यात वीज गेली.

१२ एप्रिल
वीज आली. मशीन सुरू होत नाही. सुरक्षा उत्तम झाली आहे, हे मान्य करावं लागेल. खुद्द मशीनलाही आत जाता येत नाही.
सकाळभर विचार केला. एव्हरीवनमध्ये मशीन येतं. बारकाईने पाहिलं तर मीही येते.
बाबाराव आमच्या ओसरीवर बसून आहेत. बाबा मात्र खोलीची लांबी टेपने मोजून गेले.

१३ एप्रिल
आर्वीहून आत्याचा धनंजय आला. त्याने डिस्क कोरी केली आणि सगळं नव्याने टाकलं. पत्रिका गेली. मला म्हणाला, सुरभे, मालकीन तूच, पासवर्ड तेवढा माह्याजवळ राहीन. माझ्या खात्याला त्याने 'गेस्ट' हे नाव दिलं. मीही फार ताणलं नाही. देखभालीचं काम दुसऱ्याकडे असणं सोयीचं.
बंडूजी त्याच्याच गाडीवर मागे बसून आर्वीच्या प्रेसमध्ये गेले.

१७ एप्रिल
ढेप आली. अर्धी खोली अजून माझी आहे. म्हणजे टेबलाखालची.

१ जानेवारी २००१ (मशीनप्रमाणे)
बंडूजींच्या मयुरीची पत्रिका घरी आली. सगळ्यांत वर बाबाराव, मग जावई, मग साळा. छपाई सुबक आहे. पाकिटावर बाबांचं नाव आणि सहपरिवार. सहपरिवारमध्ये मी येते, हे या वेळी आधीच तपासलं.
वीज जाऊन आली. तारीख दुरुस्त करायला गेले तर मशीनने नम्रपणे सांगितलं की वेळ बदलण्याचा अधिकार मला नाही.
बराच विचार करून तारीख न बदलण्याचं मी स्वतः ठरवलं आहे. या तारखेला मयुरीची सोयरीकसुद्धा जुळलेली नाही आणि खोलीत एकही पोतं नाही. फक्त मी ज्यावर बसले आहे, ते बाबांनी आत्ताच मागितलं. गिऱ्हाईक उभं आहे.