घरच्या कॉफीचा काढा

ती. ताईस,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार रागाने घातला आहे, आशीर्वाद मात्र नेहमीचाच पाठव.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक नाही, आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

मागच्या भेटीत तू म्हणालीस की दुकानातल्या दोन कपांच्या पैशांत घरी आठवडाभर कॉफी होते, आणि जाताना फेस काढायचं ते बॅटरीवरचं यंत्र माझ्या हातात ठेवून गेलीस. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची तुझी सवय जुनीच. पण तू मोठी, म्हणून ऐकलं. ऑफिसातून मी आणि शाळेतून ही, असे रोज साडेपाचला त्या दुकानात भेटून खिडकीजवळ अर्धा तास बसायचो, ते बंद केलं. दोन खोल्यांच्या घरात बाबांच्या रेडिओसमोर नवरा-बायकोने बोलायचं तरी काय? तेवढा अर्धा तासच आमचा होता. तोच नेमका काटकसरीत गेला.

पहिल्या दिवशी मी यंत्र दुधात घालून चालू केलं. दूध पातेल्यात राहिलं नाही. ते भिंतीवर, कॅलेंडरवर आणि हिने तपासायला आणलेल्या वह्यांवर गेलं. (वह्या परत देताना हिने मुलांना काय सांगितलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.) मग म्हटलं, थंड कॉफी करू, तिला फेस लागत नाही. पूड दिवसभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि बाटलीत भरून ठेवायची. इथेच घात झाला. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाच्या घरात बिनलेबलाची बाटली ठेवू नये, एवढी अक्कल मला हवी होती. बाबांनी बाटली उघडली, वास घेतला, जिभेला लावून पाहिलं आणि स्वच्छ अक्षरात लेबल चिकटवलं : 'काढा. दोन चमचे, जेवणानंतर.'

आणि स्वतःच घ्यायला लागले. चौथ्या दिवशी त्यांनी पडदे धुतले, माळा आवरला आणि एक कुरकुरणारं दार बिजागऱ्यांसकट उतरवून ठेवलं. (ते अजून भिंतीला टेकून उभं आहे. बाथरूमचं आहे.) मी सांगितलं की अहो, ही कॉफी आहे. ते म्हणाले, "औषधातलं तुला काय कळतं?" आता शेजारपाजारचे गुडघेदुखीवाले रिकाम्या बाटल्या घेऊन येतात, बाबा फुकट भरून देतात, आणि रोज साडेपाचला कॉफी गाळते ही आणि फडकी धुतो मी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

भाऊजींना नमस्कार सांग.
तुझा,
बाथरूमला पडदा लावून राहणारा भाऊ

ता. क. यंत्र सोबत परत पाठवत आहे. दुधापासून लांब ठेव.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं : बाबांना महिनाभर तुझ्याकडे बोलाव. काढा मी भरून देईन. तुझ्याकडेही एखादं दार कुरकुरत असेलच.

ता. क. ३. हे भाऊजींनाही सांगू नकोस. काल ऑफिसात काम आहे असं घरी कळवून मी एकटाच त्या दुकानात गेलो. पालकसभा आहे म्हणून सांगून गेलेली ही आमच्या खिडकीजवळ बसलेली. मला भयंकर राग आला. पण तिच्यासमोर दोन कप होते. मी कपांकडे पाहतोय हे बघून म्हणाली, "सवयीने दोन सांगितले. बस, तुझा निवतोय."