आत्याच्या घरावरचा बोजा

सोमवार, १४ जून

प्रिय काकांस,

नमस्कार. काकूलाही सांगा. इकडे सगळे बरे आहेत. आत्याचा गुडघा दुखतो, जिभेला मात्र आराम नाही. बाबा चष्म्याशिवाय पेपर धरून वाचल्यासारखं करतात. मला गेल्या महिन्यात नोकरीत कायम केलं.

तीन वर्षांनी लिहितेय, तेही काम निघालं म्हणून. तेवढं पोटात घाला.

आजोबांनी आत्यासाठी ट्रस्ट करून ठेवलेल्या घरावर तुमच्या लेथ मशीनच्या कर्जाचा बोजा चढला आहे. तो उतरवायचा अर्ज मी केलाय. कर्ज वर्कशॉपवर होतं, घराशी त्याचा संबंध नाही, असं बँकेनं लेखी दिलं. आता तिन्ही विश्वस्तांच्या सह्या हव्यात. बाबांची आणि आत्याची झाली, तुमची राहिली. गुरुवारी अकराला नोंदणी कार्यालयात सुनावणी आहे, दुसरा मजला.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा फोडलं.

बँकेच्या फायलीत मी कर्जाचा मूळ अर्ज पाहिला. अक्षर माझं आहे. अकरावीत होते तेव्हा. घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. "बॅरिस्टर, तू वाचलंस ना? मग झालं," म्हणत तुम्ही पेन काढायचात. मालमत्तेच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून मी कागदांच्या डब्यातली घरपट्टीची पावती काढली. तिच्यावर तुमचं नाव होतं आणि पुढे 'विश्वस्त'. मला वाटलं, मालकालाच मानानं तसं म्हणत असतील, आणि मी रकान्यात ते घर लिहून टाकलं. कोणाला विचारायची लाज वाटली. घरातली पहिली शिकलेली होते ना.

आणि खरं सांगायचं, तर फाइल बघण्याच्या खूप आधीपासून मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी छप्पर दुरुस्तीच्या परवानगीच्या वेळी बोजा उघड झाला आणि बाबा तुमच्यावर ओरडले, "सख्ख्या बहिणीचं घर गहाण टाकलंस?" तेव्हा मी दारातच होते. तुम्ही "मी नाही" म्हणालात, एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि गप्प झालात. मग चपला घालून निघून गेलात. मला त्याच क्षणी ती पावती आठवली होती. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसले.

नोंदणी कार्यालयातले कारकून भले आहेत. म्हणाले, "ताई, 'नजरचूक' लिहा आणि मोकळ्या व्हा. कोणाची ते कोण विचारतंय?"

"आमच्या घरात विचारतात," मी म्हटलं आणि प्रतिज्ञापत्रात माझं नाव घातलं.

काल जेवताना ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांनी ताट बाजूला सारलं. आत्या म्हणाली, "त्याला तीन वर्षं दार बंद, आणि चोर इथं वाढून घेतोय!" मी ऐकून घेतलं. बाबा उठताना एवढंच म्हणाले, "त्याला आता काय तोंड दाखवू?"

पण ते गुरुवारी येणार आहेत. तुम्हीही या. सही पोस्टानं पाठवली तरी चालते, कागद सोबत ठेवलाय. पण तुमच्या माघारी जबाब दिला, तर तेही पळ काढल्यासारखंच होईल. मी तो जबाब स्वतः मोठ्यानं वाचणार आहे. नंतर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. बाबांशी मात्र बोला.

तुम्ही गप्प राहून जिला वाचवलंत, ती
तुमची पुतणी