दुसरा ठोका

रहाटणी
रविवार, १९ एप्रिल २०२६

चि. समाधानला आक्काचा जयभीम.

मी बरी आहे, दीक्षा बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. दातांचं मात्र विचारते. खालचे हलत होते ते तिथल्या डॉक्टरला दाखव, लाजू नकोस. पुढचे त्या लोकांनी पाडले, उरलेले तू आळसानं घालवू नकोस.

तुरुंगात मुलाखतीला आले नाही म्हणून रुसला असशील. रुस. दीक्षाला तिच्या आजीबरोबर पाठवलं होतं, ते पुरे. माझं नंतर सांगते.

दीक्षाचे दहावीचे पेपर झाले. तुला धरून नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा बीजगणिताचा पेपर होता. मी म्हटलं, जाऊ नकोस, पोरी बोलतील. तर म्हणते, "बोलू दे आत्या. गणिताला काय पप्पांनी मारलंय का?" वेणी घालून गेली. तुझी पोरगी आहे, पण डोकं आईचं, मिनलचं घेतलं म्हणून वाचली. मिनल असती तर आज तुला हे पत्र तिनं लिहिलं असतं आणि माझ्यापेक्षा गोड लिहिलं असतं. ती गेली, मी उरले. आता मलाच वाच.

जयंतीला चौकात जाऊन वंदना घेतली आणि सरळ घरी आले. नाचगाण्यात थांबले नाही. छबूबाईनं नळावर सगळ्यांच्या देखत विचारलं, "कसायाची बहीण आली गं, हिला पाणी द्यायचं का रगत?" मी कळशी घातली तिच्या डोक्यात. भरलेली होती. टाके पडले. चौकीवर नेलं तर हवालदार म्हणतो, "बाई, तुमच्या घरात सगळेच असे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, पोरगी हुशार आहे." तो हसला आणि सोडलं.

इंजिनिअरांच्या मंडळाच्या हॉलवर माझं काम चालू आहे. इंजिनिअर लोक काही थांबत नाहीत. मागच्या शनिवारी भूकंपात बिल्डिंग कशी टिकते त्याचं व्याख्यान ठेवलं. त्याच्या आधी कुठली तरी नवीन कंपनी बघायला बस भरून गेले. मी चहा करते, खुर्च्या पुसते, स्टेज घासते. डाग जात नाहीत. लाकडात मुरलेत. आता वरून गालिचा टाकतात आणि त्यावर उभं राहून भाषण करतात.

अध्यक्ष साहेबांनी मला बाजूला घेतलं. "शालनबाई, त्या वेळी तुमचं लक्ष नव्हतं ना? बरं झालं. तसंच राहू द्या." ज्याला आपण सुरक्षेचं बक्षीस दिलं त्यानंच मशीनचं बटण बांधून ठेवलं होतं, हे जितकं कमी बोललं जाईल तितकं त्यांना बरं. मी मान हलवली. पोलिसांनाही मी तेच सांगितलं होतं, की माझं लक्ष नव्हतं.

परवा तुझ्या योगिनी वकीलबाई घरी येऊन गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, "तुमचा भाऊ सांगतो की दोन्ही वेळा बटण त्यानंच दाबलं. पहिल्या वेळेला रागाच्या भरात झालं असं मी कोर्टात म्हणू शकते. पण समोर बोटं चेचलेली दिसतायत आणि माणूस परत दाबतो? मग राग कसला, तो ठरवून उभा होता असंच धरतील. मी तरी काय करू?"

समाध्या, तू खोटं का बोललास?

तू म्हणशील, तुला काय माहीत, तुझं लक्ष नव्हतं. माझं सगळं लक्ष होतं. ऐक आता.

सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम. हॉल गच्च. गणराज साहेबाला शाल, नारळ, काचेची ढाल दिली. तुझ्या चाकणच्या कंपनीत ज्यानं माल लवकर निघावा म्हणून पत्रा ठोकायच्या प्रेसचं एक बटण तारेनं आवळून ठेवायला लावलं, तोच हा. त्या प्रेसला दोन बटणं कशाला असतात हे तूच मला समजावलं होतंस. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच वरचा ठोकळा खाली येतो, मग आत हात सापडायचा प्रश्नच नाही. एक बटण तारेनं बांधलं की एक हात मोकळा. तो मोकळा हात तुझा उजवा होता. दवाखान्यात तुझं मनगट बांधलेलं होतं आणि पुढं काहीच नव्हतं, ते मी बघितलंय. कंपनीनं चौकशीत लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

आणि हा माणूस स्टेजवर छोटी प्रेस मांडून लोकांना शिकवणार, हात कसा वाचवायचा. गाजर घेऊन! "समजा हे तुमचं बोट," म्हणाला, आणि लोक हसले. डाव्या हातात माईक होता, मग दोन बटणं दाबायची कशी? मला हाक मारली, "शालनबाई, ती उद्घाटनाची फीत आणा." मी आणून दिली. लाल फितीनं त्यानं सगळ्यांसमोर एक बटण आवळून बांधलं. एवढे इंजिनिअर बसले होते. एकालाही वाटलं नाही की हे काय चाललंय. त्यांच्या सगळ्यांच्या कंपनीत असंच चालत असणार.

तू मागच्या रांगेतून उठलास ते मी बघितलं. मला वाटलं, चार शिव्या देशील. तू सरळ स्टेजवर चढलास. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलंस, गाजराच्या जागी त्याचा पंजा आत घातलास आणि उजव्या थोट्या हातानं उरलेलं बटण दाबलंस. फीत बांधली नसती तर एका हाताच्या माणसाला ते जमलंच नसतं.

आवाज आठवतो का तुला? हाड मोडल्याचा नाही, त्याच्या ओरडण्याचा. माईक त्याच्या तोंडाशी होता. सगळ्या स्पीकरमधून तो ओरडला. पुढच्या रांगेतल्या बाईच्या साडीवर रक्त उडालं, ती पदर झटकत राहिली, जसा काही चहा सांडला.

इथून पुढं तू खोटं सांगितलंयस. तू लगेच त्याला सोडलंस. मागं झालास, थोटा हात छातीशी धरून उभा राहिलास. तेवढ्यात ते धावून आले. टाय लावलेली माणसं, रे. एरवी चहात साखर जास्त झाली तर "प्लीज बाई" म्हणतात. त्यांनी तुला खुर्च्यांनी मारलं, बुटांनी मारलं, एकानं ती काचेची ढाल तुझ्या तोंडावर फोडली. तू खाली पडलास. सगळे तुझ्यावर तुटून पडले, प्रेसकडं कोणी गेलंच नाही. तो तिथं एकटाच. हात आत अडकलेला, आणि तो सगळा पुढं कोसळला. त्याची छाती बटणावर पडली.

दुसरा ठोका असा पडला. साहेबाचं मनगट त्या ठोक्यानं गेलं.

तू तेव्हा स्टेजवर आडवा होतास, तुझ्या अंगावर चार माणसं होती. तू कसं दाबणार? पण खुर्चीच्या पायांतून तू माझ्याकडं बघत होतास. मी पडद्याच्या कडेला होते. कार्यक्रमात मेन स्विच सांभाळायचं काम माझं असतं. साहेबांनी हात वर केला की बंद करायचा, काही गडबड झाली की बंद करायचा. एवढंच काम. माझा हात स्विचवरच होता.

कोसळायच्या आधी गणराज साहेब मला ओरडून सांगत होता, "शालनबाई, बंद करा! बाई, बंद करा!" माईकमधून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. भांडं विसळून पालथं घालावं इतका वेळ मला मिळाला. मी बंद केला नाही.

घाबरले म्हणून नाही. हात गळाला म्हणूनही नाही. हात चांगला होता. मी तुला त्यांच्या बुटांखाली बघत होते आणि मनात म्हटलं, ओरड. अजून ओरड.

हे तू बघितलंस. म्हणून दोन्ही ठोके स्वतःच्या अंगावर घेतलेस. आक्का आत गेली तर दीक्षाला कोण, असा हिशोब केलास. शहाणा.

मागच्या आठवड्यात गणराज साहेबाची बायको शाल न्यायला हॉलवर आली होती. मी कोणाची बहीण आहे ते तिला माहीत नव्हतं. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "आता त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहतात." तुझ्या पायजम्याची नाडी दीक्षा बांधायची तेव्हा तूही भिंतीकडंच बघायचास. मी शालीची घडी घालून तिच्या हातात दिली. ती गेल्यावर मोरीत जाऊन ओकले.

पहिल्या ठोक्याचं मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला लिहू? तो तुझा आणि त्याचा मामला होता, त्याची शिक्षा तू भोग. दुसरा माझा आहे. माझ्या वाटणीचा तुरुंग तू भोगायचा, आणि मी स्टेजवर गालिचे अंथरायचे, हे मला जमणार नाही. तुला विचारत नाही, सांगते.

उद्या सकाळी वकीलबाईंना घेऊन ठाण्यात जाते. सोजरबाई सांगवीहून कालच राहायला आल्या. तुझी सासू आहे, माझ्याशी पटत नाही, पण पोरीवर जीव टाकते. दीक्षाला मी सगळं सांगितलं, स्विचचंसुद्धा. म्हणाली, "जा आत्या. पण मी मेकॅनिकलच घेणार आहे, आधीच सांगून ठेवते." मी तिला एक थोबाडीत दिली आणि मग जवळ घेतली.

आता तुझा जबाब बदल. हट्ट केलास तर कोर्टात सगळ्यांसमोर मारीन, तुरुंग तर तसाही आहेच. बायकांचा तुरुंग तुमच्या शेजारीच आहे म्हणतात. मुलाखतीला यायला मला तोंड नव्हतं. आता आहे.

भिंतीच्या या बाजूला असो नाहीतर त्या,
तुझ्याहून मोठी आहे हे विसरू नकोस,

तुझी आक्का
शालन